सुईला न आलेलं कार्ड

बहात्तरच्या दुष्काळात कृपा अहमदनगरच्या एका दवाखान्यात नव्यानं कामाला लागली. तिथं प्रत्येक रोग्याचं एक कार्ड असे आणि कार्डाच्या कडेला भोकं, एकेका नोंदीचं एकेक. हव्या त्या भोकातून सुई घालून गठ्ठा उचलला, की ज्यांचं ते भोक कडेपर्यंत कापलेलं असेल तेवढीच कार्डं खाली पडत.

एका दुपारी पारनेरकडचा छगन खिडकीशी आला. "बाई, माजी बायकू मालन हितं ठिवली हुती. कुटं हाय ती?"

कृपानं 'घरी गेले'च्या भोकात सुई घातली. कार्डं पडली, पण त्यात मालनचं नव्हतं. सगळं शांत झाल्यावर आणखी एक पडल्याचा आवाज आला. टप्प. टेबलावर, जमिनीवर नवं काहीच नव्हतं.

'वारले'च्या भोकातही तिनं सुई घातली. त्यातही मालन नव्हती. मागाहून पुन्हा तेच, टप्प.

"सापडली का?" छगननं विचारलं.

कृपानं सुई खाली ठेवली. ती अगदी हळू म्हणाली, "मालनबाई, कुठं आहात?"

टप्प. या खेपेला अगदी कानाशी.

छगनचा चेहरा खुलला. तिच्या खांद्यावरून मागं बघत तो म्हणाला, "ही काय, आली की!"

कृपाची खुर्ची भिंतीला टेकलेली होती.