सक्ती करायची नाही

"गाडीचं दार नुसतं उघडलं तरी हा लटपटतो हो," नवरा प्राण्यांच्या डॉक्टरांना सांगत होता. कुत्रा त्याच्या छातीशी आणि मी बाजूच्या स्टुलावर, पिशव्या सांभाळत. "अपघाताला दोन महिने झाले, पण हॉर्न वाजला की अजून पलंगाखाली घुसतो."

डॉक्टर म्हणाले, "तो मुद्दाम करत नाही. भीती मनात घर करून बसलीय. रोज सकाळी अर्धी गोळी द्या. आपणहून चढेपर्यंत गाडीत बसायची सक्ती करू नका. रागवायचं तर अजिबात नाही."

"छे हो, मुका जीव तो! त्याच्यावर कसला राग काढायचा?" बोलताना नवऱ्याचे डोळे भरून आले. मेल्याचेही डोळे भरून येतात, हे मला आज कळलं.

बाहेर आल्यावर त्याने गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "न चुकता द्यायच्या, समजलं? आणि संध्याकाळी ताईकडे जायचंय, गाडीने. तयार राहा."

"गाडीत नको. मी बसने येते."

"झालं का तुझं सुरू? दोन महिने तेच दळण! काही होत नाही. नाटकं बंद कर आणि मुकाट्याने बस."

भर रस्त्यात मी ते पाकीट त्याच्या खिशात कोंबलं.

"तू गाडी खांबावर घातलीस ना, तेव्हा हा मुका जीव माझ्याच मांडीवर होता."