कॅमेऱ्यातला सोफा

मस्कतच्या खोलीवर जेवताना दिगंबरनं मोबाइलवर चिपळूणचं घर उघडलं आणि घास हातातच राहिला. कॅमेऱ्यात नवाकोरा सोफा दिसत होता, आणि त्यावर बनियनमधला एक परका माणूस ऐसपैस झोपला होता.

त्यानं बायकोला फोन लावला. "सोफा कधी घेतलास?"

"कसला सोफा?" वृषाली म्हणाली. "हॉलमध्ये एकटी भाजी निवडत बसलेय."

धडधडीत खोटं. "कॅमेऱ्याकडे बघून हात कर."

"केला. दिसला?"

सोफ्यावरच्या माणसानं फक्त कूस बदलली, तेव्हा कुठे दिगंबरच्या डोक्यात प्रकाश पडला. घराचा इंटरनेटचा नंबर सारखा बदलतो, म्हणून मोबाइलवरून घर सापडावं यासाठी त्यानंच त्या नंबराला एक कायमचं नाव जोडलं होतं. ते नाव जुन्याच नंबरावर अडकलं, आणि तो नंबर आता दुसऱ्या कुणाच्या घरी गेला होता. तिथला कॅमेराही दिगंबरच्याच कॅमेऱ्याच्या कंपनीचा, मोबाइलवरूनच वळवायचा. पासवर्डही कंपनीचाच, दोन्हीकडे कुणी न बदललेला.

त्याला हायसं वाटलं. "अगं, मी भलत्याच्याच घरात डोकावत होतो."

वृषालीचा आवाज एकदम खाली आला.

"अहो, पण मी हात केला तेव्हा आपला कॅमेरा माझ्याकडे वळला. तो कुणी वळवला?"