पट्ट्यातला डबा

उतारावर कलंडलेलं पोकलेन क्रेनने सरळ केलं, तेव्हा त्याच्या केबिनची काचसुद्धा तडकलेली नव्हती. मल्हारी आत बसून राहिला असता तर वाचला असता. पण मशीन एका अंगाला जायला लागलं तसे खालून सगळेच ओरडले, "मल्हारी, उडी टाक!" त्याने टाकली आणि मशीन त्याच्याच अंगावर आलं.

दार उघडायला मीच वर चढलो. सीटचा पट्टा मागे ओढून त्यात त्याने जेवणाचा डबा आवळून ठेवला होता. आम्ही सगळे ऑपरेटर तसंच करतो. मशीन कितीही हिंदकळलं तरी आमटी सांडत नाही, आणि पट्टा लावा म्हणून चाललेली पीं-पींही गप्प होते. डब्याच्या झाकणाबाहेर थेंबही आला नव्हता.

मल्हारीचा दहावा व्हायच्या आतच मुकादमाने उरलेला उतार माझ्या गळ्यात घातला. सकाळी मशीनवर चढलो, माझा डबा नेहमीसारखा पट्ट्यात आवळला. इंजिन चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं.

मुकादम खालून ओरडला, "हैबती, किती वेळ? भ्यालास होय रे?"

"भ्यालोय की!"

मागे हात घालून पट्टा सोडवला, मांडीवरून घेतला आणि घट्ट अडकवला. मोकळा झालेला डबा दारातून त्याच्या हातात दिला.

"हा सांभाळा, मुकादम. आणि मशीन कलंडलंच, तर उगाच ओरडू नका. मी आतच बसणार आहे."