देवाशी राजीनामा

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे मंदिराचे विश्वस्त जयेश वकील पुढे आले, श्रीरामबुवांना बुक्का लावला, गळ्यात हार घातला. आख्यान ऐकायला सगळ्यांनी मांड्या सावरल्या. तुकोगंजातलं दत्तमंदिर गच्च भरलं होतं. बुवांनी हार उतरवून पेटीवर ठेवला आणि हात जोडले.

"मंडळी, आख्यान होणार नाही. आज मी देवाला राजीनामा देतोय."

बुवा मूळचे वाईचे, मुलाच्या नोकरीपायी इंदूरला आलेले. त्यांना वाटलं, आता मंडप हळहळेल.

मंडपात टाळ्या पडल्या.

"क्या बात है भिया!" जयेश वकील उठून उभेच राहिले. "बधाई हो! कधीपासून चालू होतं?"

"काय?"

"देवाशी भांडण!"

खांबाला टेकलेल्या सरोजिनीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "बुवांचं देवाशी जमलं गं बाई, आपल्या डोळ्यांदेखत! सुनबाई, जलेबी मागव."

बुवा गोंधळले. "अहो, आनंद कसला करताय? मन लागत नाही माझं. मागल्या गुरुवारी द्रौपदी कृष्णाला हाका मारत होती, तुम्ही सगळे रडत होतात, आणि मी मनात म्हणत होतो, आज प्रसादाला खिचडी आहे की शिरा! मुखात देव आणि मनात शिरा. असल्या माणसानं नारदाच्या गादीवर उभं राहू नये. मी नर्मदाकाठी जाऊन मौन धरणार. म्हणून राजीनामा."

जयेश वकिलांचा चेहरा पडला. "मग हा राजीनामा कुठे झाला? ये तो इस्तीफा हुआ! आमच्या कोर्टात राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी. समझौता. आज सकाळीच दोघा भावांचा करवून आलो, गळ्यात पडून रडले."

"आमच्याकडे राजीनामा म्हणजे सोडून जाणं."

"गजब करते हो बुवा! राजी पण, आणि सोडून पण?"

मंडप खो खो हसला. बुवा हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. वकिलांना ते दिसलं तसा त्यांचा आवाज उतरला.

"बरं, जा सोडून. पण एकतर्फी कसं जाता? समोरच्या पक्षाला विचारलंत?"

सगळ्यांच्या माना गाभाऱ्याकडे वळल्या. दत्तमहाराज आपले शांतपणे बघत होते.

"इथे तर तीन-तीन तोंडं," सरोजिनीकाकू म्हणाल्या. "एकमत व्हायला वेळ लागणार बुवा. तोवर आख्यान होऊन जाऊ द्या ना."

पेटीवर बुवांच्या पत्नी मनोरमाबाई होत्या. एवढ्या गोंधळात त्यांनी सूर सोडला नव्हता. "अहो, भाता मारून हात भरून आला माझा. भांडायचं तर त्याच्याशी भांडा, आणि सुरात भांडा. आणि हो, शिराच आहे आज. मी विचारून आलेय. तेवढा एक विचार तरी मिटला."

बुवा गाभाऱ्याकडे वळले. मंडळींकडे पाठ झाली. आजवर देवाची गोष्ट ते लोकांना सांगत आले होते. आज त्यांनी देवालाच फैलावर घेतलं, तेही गाऊन. मन देतोस ते देतोस, मग धरून का ठेवत नाहीस? बोलावतोस, मग बोलत का नाहीस? मी जाऊ तरी कुठे? ठरलेलं आख्यान राहिलं बाजूला. हा ठेका कुठला, ते तबलजीला कळेना, पण त्याचा हात थांबेना. एका जागी बुवांचा आवाज फाटला. तिथून पुढे मंडपानंच सूर उचलला.

शिरा गार झाला. कुणी उठलं नाही.

आरती झाल्यावर प्रसादाचा द्रोण घेऊन जयेश वकील चाचरत जवळ आले. "बुवा... मग? अगली तारीख?"

बुवांनी उपरण्यानं घाम पुसला.

"गुरुवारची घ्या," ते म्हणाले. "समोरचा पक्ष रोजच हजर असतो हो. दांड्या मीच मारतो."