पाव मापाचं विमान

“पाडी टाक ते,” धुरपदाबाई हळूच म्हणाल्या आणि कळण्याच्या भाकरीचं फडकं भटूच्या हातात कोंबलं.

विमान उडवायचं काम भटूचं; त्याच्या गळ्यात पट्ट्याने रिमोट लटकत होता. “मावशी, तुमच्याच पोरीने बनवलंय ते.”

“म्हणूनच तर.”

इच्छापोर गावामागच्या मोकळ्या मैदानावर अजून वारा उठला नव्हता. लांबवर धनश्री विमानात बॅटरी बसवत होती. हे नुसतं मॉडेल, खऱ्याच्या पाव मापाचं. पंखांचा आकार नवा, तिच्याच डोक्यातून निघालेला. आज मॉडेल पास झालं की मोठं विमान बनणार आणि पहिल्यांदा त्यात धनश्री एकटी बसणार. घरी जेवताना तिने हे असं सांगितलं, जणू उधन्याच्या बाजारात जाऊन भाजी आणणार आहे.

“मनी एकच पोर शे,” धुरपदाबाई म्हणाल्या. “बमरोलीत साड्यांच्या घड्या घालून शिकवली. तू काही मोठं करू नको. इमान वर गयं, का रिमोटवरना हात काढी ले.”

भटूने गळ्यातल्या रिमोटकडे पाहिलं. मग हसला. “बस?”

“बस.”

“काढतो, मावशी. वचन.”

तो इतक्या लवकर ऐकेल असं त्यांना वाटलं नव्हतं. भाकरी कामाला आली म्हणायची. त्या निवांत, विमान आणलेल्या टेम्पोच्या सावलीत जाऊन बसल्या.

विमान उडालं. चांगलं उंच गेल्यावर धनश्री ओरडली, “भटूभाई, चालो!”

भटूने रिमोटवरून विमानाचं नाक वर उचललं. विमान हवेतच अडखळलं, एका पंखावर कललं आणि भोवऱ्यासारखं गरगरत खाली यायला लागलं.

भटूने रिमोटवरचे दोन्ही हात काढले. शब्दाला जागला.

धुरपदाबाईंना हवं होतं तेच समोर होत होतं. पण जेवणाचं ताट बाजूला सारून पोरगी ज्या पंखांना पॉलिश घासत बसायची, ते पंख आता जमिनीवर फुटणार होते. त्या उठल्या आणि पदर सावरत धावत सुटल्या.

“भटू! मुडद्या, धर ना त्याले!”

भटू हात वर करून उभाच.

गरगर मंदावली. विमानाने नाक सरळ केलं आणि त्यांच्या डोक्यावरून शांतपणे निघून गेलं.

धनश्री पळत येऊन आईच्या गळ्यात पडली. “पास, आई! पायलटने हात सोडले तरी ते आपलं आपण सावरतं का, आजची परीक्षा तेवढीच होती!”