पहिली नजर

घरांच्या सोडतीच्या जुन्या क्वांटम पेट्या परत न्यायला आलेली तंत्रज्ञ मुलगी या घरातल्या पेटीतली नोंद वाचत थांबली.

"आजी, ही तुम्ही कधी उघडली होती?"

"आली त्याच दिवशी, दिवेलागणीला. धूळ पुसताना चुकून झाकण निघालं," स्वप्नालीताई पुटपुटल्या.

पेटीतला निकाल पहिल्या नजरेने ठरतो, असं सगळेच मानत. म्हणून झाकण उचलायला शकुनाची सवाष्ण बोलावत. आठ वर्षांपूर्वी या घरात ते उचललं गेलं विधवा स्वप्नालीताईंच्या हातून, आणि आत निघालं 'नाही'. तेव्हापासून थोरल्या जाऊबाई, प्राजक्ता, त्यांना कुठल्याच शुभकार्यात समोर येऊ देत नसत.

"पण निकाल तर दुपारी तीनलाच ठरला होता," मुलगी म्हणाली. "इथे आणताना टेम्पोतच पेटीतला गारवा गेला. जराशी ऊब शिरली तरी आतलं हो-नाहीचं अधांतर संपतं. बघायला माणूस लागतच नाही."

"पुन्हा सांग, बाई. मोठ्याने सांग."

मुलीने सांगितलं. दारातल्या प्राजक्ताबाईंनी मान खाली घातली.

स्वप्नालीताई आतल्या खोलीत गेल्या. त्यांची नजर पडू नये म्हणून पाळण्यावर टाकलेली चादर त्यांनी बाजूला केली आणि दोन महिन्यांच्या नातीला पहिल्यांदाच डोळे भरून पाहिलं.