पहिली आमटी

स्मृतिभांडाराच्या खिडकीशी गद्रेकाकूंनी फॉर्म सरकवला. गेलेल्या काकांच्या आठवणी त्यांना जुन्या तक्त्यांतच ठेवायच्या होत्या.

"तक्त्यांत प्रसंगाची नोंद एकच, तीच तुम्हा दोघांना जोडलेली," खिडकीतली नसरीन म्हणाली. "नव्या पद्धतीत प्रत्येक माणूस अख्खा, स्वतःच्या नोंदींसकट. एक ठेवलं की दुसरं पुसलं जाईल, काकू."

"जोडलेलंच बरं. लग्नानंतरची माझी पहिली आमटी दाखव बघू."

तक्त्यात दोघांसाठी एकच शब्द होता : खारट.

"बघ! आणि हे जन्मभर फक्कड म्हणत राहिले. नुसत्या थापा!"

नसरीनने काकांची अख्खी आठवण उघडली. तिथे त्याच आमटीपुढे त्यांची स्वतःची नोंद होती : फक्कड.

काकूंनी फॉर्म मागे ओढला.

"ह्यांना अख्खंच ठेव गं," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "आमटी मात्र खारटच होती."